आधी पान, मग पाना: आपल्या गाडीचं वर्कशॉप मॅन्युअल शोधताना

जूनचा पहिला जोरदार पाऊस झाला आणि माझ्या गाडीचा मागचा दिवा वेडा झाला. डावा इंडिकेटर लावला की त्याच्या तालावर ब्रेकचा दिवाही लुकलुकायचा. फोंड्याहून पणजीला येताना बाणस्तारीला एका स्कूटरवाल्याने काचेवर टकटक केली आणि विचारलं, "तुम्ही वळताय की थांबताय?"

घरी आल्यावर मी जरा हुशारी केली. गाडीच्या मॉडेलचं नाव टाकून इंटरनेटवर शोधलं आणि अर्ध्या तासात शेकडो पानांची पीडीएफ हाताला लागली. नाव तेच, इंजिनही तेच. मागच्या दिव्यांची अर्थ, म्हणजे तार बॉडीला जोडतात तो बोल्ट, डिकीच्या डाव्या अस्तरामागे आहे असं त्यात चित्रासकट दिलं होतं. अस्तर काढलं, त्यात दोन क्लिपा तुटल्या, पण मागे कोरा पत्रा. बोल्टचा पत्ता नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी मेस्ताकडे, म्हणजे आमच्या मेकॅनिककडे नेली. मी मोबाइलवर ते पान दाखवू लागलो तर तो म्हणाला, "पुस्तकांत किदें बरयलां तें सोड. हांगा पळय." (पुस्तकात काय लिहिलंय ते सोड, इथे बघ.) उजव्या बाजूला हात घालून त्याने बोल्ट दाखवला. त्यावर हिरवट-पांढरी भुकटी चढली होती. पॉलिश पेपर मारला, बोल्ट आवळला, वर थोडं ग्रीस लावलं. पाच मिनिटांत दिवा शहाणा झाला.

पीडीएफ खोटी नव्हती, ती माझ्या गाडीची नव्हती. युरोपातल्या डाव्या हाताला स्टिअरिंग असलेल्या भावंडाची होती. "राइट टु रिपेअर", म्हणजे आपली वस्तू आपण किंवा आपल्या पसंतीच्या कारागिराने दुरुस्त करण्याचा हक्क, हे शब्द हल्ली बातम्यांत वारंवार येतात. पण आपल्या गाडीची बरोबर आणि ताजी माहिती मिळवायची कुठून, हा साधा प्रश्न त्यात हरवून जातो.

डॅशबोर्डच्या खणातलं ते पुस्तक नव्हे

गाडीसोबत जे पुस्तक मिळतं ते ओनर्स मॅन्युअल. टायरमध्ये हवा किती, ऑइल कुठल्या ग्रेडचं, कुठला फ्यूज कशाचा, सर्व्हिस कधी, हे त्यात असतं. ते गाडी वापरणाऱ्यासाठी लिहिलेलं असतं.

वर्कशॉप मॅन्युअल गाडी उघडणाऱ्यासाठी असतं. कुठला भाग कुठल्या क्रमाने काढायचा, कुठली तार कुठल्या रंगाची आणि कुठे जाते, झीज किती चालेल, कुठला बोल्ट किती आवळायचा, असं सगळं त्यात येतं. घराची किल्ली आणि घराचा नकाशा यांत जो फरक, तोच या दोघांत.

यातली एकच गोष्ट जरा सविस्तर बघू, कारण बहुतेक लोक तिच्यासाठीच मॅन्युअल शोधतात: टॉर्क. टॉर्क म्हणजे आवळण्याचा जोर, तो न्यूटन मीटरमध्ये मोजतात. एक मीटर लांब पान्याच्या टोकाला दहा किलो तांदळाची पिशवी टांगली तर नटावर जो जोर येईल तो जवळपास 100 न्यूटन मीटर. लोणच्याच्या बरणीचं झाकण सैल राहिलं तर लोणचं बिघडतं, फार पिळलं तर झाकणच तडकतं. नटबोल्टचंही तसंच. चाकाचा नट सैल राहिला तर काय होईल ते सांगायला नको. जास्त आवळला तर आटे खराब होतात किंवा स्टड, म्हणजे नट बसतो तो दांडा, ताणला जातो, आणि ब्रेकची डिस्क वाकडी होऊन पॅडल थरथरू शकतं. टायरच्या दुकानात हवेच्या गनने धडाधड नट आवळतात, नंतर तुम्ही पंक्चर झालेलं चाक काढायला पान्यावर उभे राहता तरी नट हलत नाही, तो प्रकार याच घराण्यातला.

आता गंमत बघा. अमेरिकेची पीडीएफ मिळाली तर त्यात आकडा फूट-पाउंडमध्ये असतो. तिथले 74 म्हणजे आपले 100 न्यूटन मीटर. एकक न बघता 74 वर थांबलात तर नट चौथा हिस्सा सैल राहिला. जुन्या जपानी वळणाच्या पुस्तकांत किलो-मीटर असतात, तिथे हाच आकडा 10.2 दिसतो. सिलिंडर हेडचे बोल्ट तर काही इंजिनांत आधी ठरावीक टॉर्कला आवळून मग अमुक अंश फिरवायचे असतात. ते मुद्दाम ताणले जातात, म्हणून एकदा काढले की बहुधा नवे घ्यावे लागतात. हे अंदाजाने कळत नाही, त्याला पानच लागतं.

मॅन्युअल शिळं कसं होतं?

एकदा छापलं की झालं, असं वाटतं. पण गाडी बाजारात असताना कंपनी तिच्यात बारीक बदल करतच असते. सेन्सर बदलतो, क्लिप बदलते, तारेचा रंग बदलतो. गाडीचं नाव तेच राहतं, बाहेरून काही दिसत नाही. त्यातच 1 एप्रिल 2020 ला बीएस-6, म्हणजे धुराचे नवे कडक नियम, आले, तेव्हा एकाच नावाच्या गाडीत इंजिनभोवतीची बरीच यंत्रणा बदलली. 2019 च्या गाडीचं पान 2021 च्या गाडीला लावणं म्हणजे गेल्या वर्षीच्या पंचांगात यंदाची चवथ शोधणं.

शिवाय कंपन्या आपल्या वर्कशॉपना सर्व्हिस बुलेटिन पाठवतात. बुलेटिन म्हणजे "अमुक आवाज येत असेल तर तमुक भाग बदला, जुनी पद्धत सोडा" अशी सुधारित सूचना. सुट्या भागांचे क्रमांकही बदलतात. जुना क्रमांक बंद होऊन त्याच्या जागी नवा येतो, आणि कधीकधी नव्या भागासोबत बोल्टही वेगळा असतो. म्हणून ताजं मॅन्युअल ही एक फाइल नसून सतत दुरुस्त होणारी नोंद आहे. कंपन्या ती आता आपल्या सर्व्हरवर ठेवतात आणि वर्कशॉपवाले लॉगिन करून बघतात.

उलट बाजूही आहे. मॉडेल बंद होऊन दहा-पंधरा वर्षं झाली की नवं काही येणं जवळपास थांबतं. अशा गाडीची शेवटची आवृत्ती हीच ताजी आवृत्ती. गोव्यात 1961 पूर्वी आयात झालेल्या गाड्या अजून जपणारी माणसं आहेत. त्यांना कागदी पुस्तक मिळालं की काम झालं. त्यांचा मला थोडा हेवाच वाटतो.

सतरा अक्षरांची ओळख

कुठलंही पान उघडण्याआधी गाडीचा चॅसी नंबर समोर ठेवा. तो सतरा अक्षर-अंकांचा असतो, आरसीवर असतो आणि गाडीवरही कोरलेला असतो. शून्य आणि एकाशी घोळ होऊ नये म्हणून आय, ओ आणि क्यू ही अक्षरं त्यात कधीच येत नाहीत. पहिल्या तीन अक्षरांतून कंपनी कळते: एमए3 मारुती, एमएटी टाटा, एमए1 महिंद्रा, एमएएल ह्युंदाई. बहुतेक कंपन्यांत दहावं अक्षर वर्ष सांगतं: जे म्हणजे 2018, के म्हणजे 2019, एल म्हणजे 2020.

जीए-03 की जीए-05 यावरून गाडी म्हापशाला नोंदली की फोंड्याला एवढंच कळतं. कारखान्याला त्याचं काही नाही. "माझी 2019 ची गाडी" असं आपण नोंदणीवरून म्हणतो, पण ती 2018 च्या नोव्हेंबरात बनलेली असू शकते. पार्ट चुकीचा येतो तो बऱ्याचदा इथेच.

कंपनी देत का नाही?

कंपन्यांचं म्हणणं असं की ही आमची बौद्धिक संपदा, आणि अर्धवट माहितीच्या माणसाच्या हाती पडली तर अपघात होईल. दुसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे. पण माहिती बंद ठेवली की ग्राहकाला अधिकृत वर्कशॉपशिवाय पर्याय उरत नाही, हाही त्याचा परिणाम आहे. नेमकं हेच भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 च्या आदेशात नोंदवलं आणि 14 कार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधनं स्वतंत्र गॅरेजवाल्यांनाही मिळाली पाहिजेत, भागांच्या किमती आणि वॉरंटीच्या अटी वेबसाइटवर जाहीर असल्या पाहिजेत, असं आयोग म्हणाला. पुढे प्रकरण अपिलांत गेलं. आपल्याकडे कोर्टाची पायरी चढलेली गोष्ट कधी उतरते ते आपण जाणतोच.

जुलै 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने राइट टु रिपेअरसाठी समिती नेमली. त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टलही सुरू झालं. मोबाइल, घरगुती उपकरणं आणि शेतीच्या अवजारांबरोबर वाहनंही त्यात आहेत. ग्राहकसेवा, वॉरंटी, सुटे भाग अशी माहिती तिथे बघावी, पण हेड बोल्टचा टॉर्क मिळेल अशी आशा धरू नये.

युरोपात मात्र दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना देणं कायद्यानेच बंधनकारक आहे. 2018/858 क्रमांकाच्या नियमानुसार कंपनीला ती वेबसाइटवर ठेवावी लागते आणि तासाच्या, दिवसाच्या, महिन्याच्या हिशेबाने माफक शुल्क घेता येतं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने 2012 मध्ये कायदा केला आणि 2014 मध्ये कंपन्यांनी देशभरासाठी तसा करार केला.

मग शोधायचं कुठून?

इथे माझं ठाम मत आहे. अख्खं पुस्तक मागू नका, एक पान मागा. हजार पानांचं मॅन्युअल मिळवण्यात महिना घालवण्यापेक्षा आज जे काम करायचंय त्याचे दोन आकडे मिळवणं सोपं असतं, आणि ते चॅसी नंबरवरून तपासूनही घेता येतात.

सुरुवात ओनर्स मॅन्युअलपासूनच. बहुतेक कंपन्यांच्या वेबसाइटवर ते फुकट उतरवून घेता येतं. चाकाच्या नटांचा टॉर्क, ऑइलचं माप, कूलंटचा प्रकार, ब्रेक फ्लुइडची ग्रेड या गोष्टी बऱ्याच गाड्यांच्या पुस्तकांत शेवटच्या तक्त्यात असतात, फक्त आपण तिथवर कधी जात नाही. सर्व्हिसच्या तक्त्याखाली "कठीण परिस्थितीतला वापर" असा वेगळा तक्ताही असतो. धुळीचे रस्ते, दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या, सतत गियर बदलणं. उसगाव-डिचोलीच्या खाणपट्ट्यातली लाल धूळ खाणाऱ्या किंवा घर ते बाजार एवढंच फिरणाऱ्या गाडीला तोच लागू. ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं, त्यामुळे आपल्या दमट हवेत ते बदलण्याची मुदत नजरेआड करू नका.

त्यानंतर सुट्या भागाचं खोकं. याकडे कुणी बघत नाही, आणि मला तर हा सगळ्यात मोठा खजिना वाटतो. ऑइल फिल्टरच्या डब्यावरच रबर टेकल्यावर पाऊण वळण फिरवा असं चित्र छापलेलं असतं. स्पार्क प्लगच्या खोक्यावर किती फिरवायचं याचं इवलंसं रेखाचित्र असतं. टायमिंग बेल्टच्या किटमध्ये बऱ्याचदा घडी घातलेला कागद निघतो. त्यावर खुणा कुठे जुळवायच्या, ताण किती ठेवायचा ते असतं. हा कागद भाग बनवणाऱ्याने त्या भागासाठीच लिहिलेला असतो, म्हणजे मॅन्युअलचं ताजं पान आयतंच तुमच्या हातात. गॅरेजात तो पहिल्यांदा कचऱ्यात जातो. मागून घ्या.

तिसरी जागा म्हणजे कंपनीच्या पार्ट्सचं काउंटर. तिथल्या संगणकात चॅसी नंबर टाकला की भागांची सुटी-सुटी करून काढलेली चित्रं येतात. कुठला वॉशर कुठल्या बाजूला, नवा क्रमांक कुठला, हे त्या चित्रात दिसतं. पार्ट घेताना "जरा स्क्रीन दाखवता का?" असं गोडीत विचारलं तर बहुतेक वेळा दाखवतात. सर्व्हिस अॅडव्हायझरकडे मॅन्युअल मागितलं तर "कॉन्फिडेन्शियल आहे" हे ठरलेलं उत्तर मिळतं. एका ठिकाणी मला तेच मिळालं. मग मी ईमेलवर चॅसी नंबर देऊन फक्त विचारलं, "या गाडीच्या गिअरबॉक्सला कुठलं ऑइल आणि किती?" दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. पुस्तक मागणारा संशयास्पद वाटतो, आकडा विचारणारा ग्राहक वाटतो.

चौथी जागा परदेशी पोर्टलं. फोक्सवॅगन समूहाचं एरविन, टोयोटाचं टेकइन्फो अशी अधिकृत संकेतस्थळं मुदतीप्रमाणे पैसे घेऊन ताजी पानं दाखवतात. एक दिवसाचं शुल्क भरून लागतील ती पानं वाचून घेता येतात. पण तुमची भारतीय आवृत्ती तिथे असेलच असं नाही. पैसे भरण्याआधी इंजिनाचा कोड, म्हणजे त्याच्या प्रकाराची खूण, जुळतो का ते बघा.

इथे जुळ्या गाड्यांचा उपयोग होतो. फियाटचं 1.3 लिटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन आपल्याकडे स्विफ्टमध्ये होतं, पुंतोत होतं, टाटाच्या व्हिस्टातही होतं. बलेनो आणि ग्लान्झा, डस्टर आणि टेरानो ही भावंडंच. इंजिनाच्या आतलं पान बऱ्याच अंशी चालून जातं. तारा, फ्यूज आणि अर्थचं पान चालत नाही, हे मी दोन क्लिपा मोडून शिकलो आहे.

आणि मुळातून शिकायचं असेल तर आयटीआयच्या मोटार मेकॅनिक ट्रेडची पुस्तकं केंद्र सरकारच्या भारत स्किल्स पोर्टलवर फुकट आहेत. तुमच्या गाडीचे आकडे त्यात नाहीत, पण आकडा मिळाल्यावर त्याचं काय करायचं ते त्यात आहे.

"कोड वाचला की झालं, मॅन्युअल कशाला?"

2013 नंतरच्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं ओबीडी सॉकेट असतं. त्यात छोटं यंत्र लावलं की मोबाइलवर दोषाचा कोड दिसतो. यंत्र जरूर घ्या. पण कोड म्हणजे निदान नव्हे. पोदेराचा, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याचा हॉर्न ऐकू आला की तो वाड्यावर आलाय एवढंच कळतं, कुणाच्या दारात उभा आहे ते कळत नाही. पी0171 म्हणजे इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. नळी फाटली असेल, हवा मोजणारा सेन्सर मळला असेल, पंप दमला असेल. नुसता कोड बघून सेन्सर बदलणारे गिऱ्हाईक दुकानदाराला फार आवडतं. आधी काय तपासायचं, किती व्होल्ट यायला हवेत, हा क्रम मॅन्युअलच्याच पानावर असतो.

"टेलिग्रामवर सगळं फुकट मिळतं की!"

मिळतं. पण ते कंपनीचं कॉपीराइट असलेलं साहित्य असतं, ते वाटणं बेकायदा आहे. ते बाजूला ठेवलं तरी कुठल्या देशाचं, कुठल्या वर्षाचं, मधली पानं गाळलेली आहेत का, याची काहीच हमी नाही. "मॅन्युअल" म्हणून आलेली फाइल डबल-क्लिक केल्यावर इन्स्टॉल व्हायला लागली तर ते मॅन्युअल नाही. ई-मार्केटवर पेन ड्राइव्हमध्ये "सर्व गाड्यांची मॅन्युअलं" विकणारे असतात. सर्व गाड्यांची म्हणजे तुमच्या गाडीची नाहीतच असं समजा.

"आमच्या मेस्ताला सगळं पाठ आहे"

असेलही. माझ्या मेस्ताने तो बोल्ट कुठे असणार ते बघून नव्हे, हातानेच ओळखलं. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत कुठला कनेक्टर आधी कुजतो हे कुठल्याही जपानी पुस्तकात नसेल, त्याला ते ठाऊक आहे. पण त्याची स्मृती वीस वर्षांच्या गाड्यांवर घडलेली आहे. सीव्हीटी या वेगळ्या जातीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये साधं ऑटोमॅटिकचं ऑइल ओतलं तर गिअरबॉक्सची वाट लागते, आणि हे हाताला कळत नाही. त्याला शिकवायला जाऊ नका. गाडी देताना आकडा कागदावर लिहून द्या, तेवढं पुरतं.

"वॉरंटी जाईल त्याचं काय?"

बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, चुकीच्या दुरुस्तीने जे नुकसान झालं तेवढ्यापुरतीच नाकारता येईल, अशी भूमिका स्पर्धा आयोगाने 2014 च्या त्याच आदेशात घेतली होती. पण प्रत्यक्ष काउंटरवर वाद घालायला वेळ कुणाला आहे? वॉरंटीतल्या गाडीला मी स्वतः हात लावत नाही. लावलाच तर बिलं, खोकी आणि फोटो जपून ठेवा. अडवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे. आणि रिकॉल, म्हणजे कारखान्याचाच दोष निघाल्यावर कंपनीने गाडी परत बोलावणं, ते काम फुकट असतं. बऱ्याच कंपन्यांच्या वेबसाइटवर चॅसी नंबर टाकून ते तपासता येतं. हे करायला मॅन्युअलही लागत नाही, तरी लोक करत नाहीत.

पान मिळालं तरी हात लावू नका

एअरबॅगचे कनेक्टर बहुधा पिवळे असतात. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांतल्या जाड नारिंगी केबलींतून शेकडो व्होल्टचा प्रवाह जातो. तिथे माहिती असून भागत नाही. प्रशिक्षण, हातमोजे आणि सोबतीला जाणता माणूस लागतो. ही कामं वर्कशॉपलाच द्या.

माझ्या गाडीच्या खणात आता एक वही आहे. वर चॅसी नंबर, इंजिनाचा कोड. खाली चाकाचे नट, ड्रेन प्लग, कूलंट, ब्रेक फ्लुइड, प्लगचा गॅप असं दीड पान. प्रत्येक आकड्यापुढे तो कुठून घेतला आणि कधी, तेही लिहिलंय. अर्थचा बोल्ट मी स्वतः चित्र काढून दाखवलाय, उजव्या बाजूला.

गेल्या खेपेला टायर फिरवायला गाडी नेली तेव्हा मेस्ताने वही चाळली. "हो आंकडो तुका खंय मेळ्ळो?" मी सांगितलं, ओनर्स मॅन्युअलच्या शेवटच्या तक्त्यात. तो काही बोलला नाही, पण खिशातून मोबाइल काढून त्याने त्या पानाचा फोटो घेतला. टॉर्क रेंच मात्र त्याने अजून घेतलेला नाही. माझाच नेतो.